उत्तराआधीचा अंदाज

नोकरीच्या बाजारात एखादे यंत्र रुळले की काही वर्षांनी ते वर्गात येते, आणि तोवर बाजार पुढच्या यंत्राकडे वळलेला असतो. व्यावसायिक शिक्षणातली ही जुनी ओढाताण जपानमधल्या इचिकावा शहरात नीट पाहता येते. टोकियोच्या पूर्व सीमेवरची एदोगावा नदी ओलांडली की चिबा प्रांतातले हे शहर लागते. तिथल्या कोनोदाई भागात दोन विद्यापीठे आहेत. त्यांपैकी एक शिवणशाळेतून वाढले, दुसरे व्यापारी शाळेतून. आधी शिवणशाळेकडे वळणे बरे.

वायो महिला विद्यापीठाचे मूळ म्हणजे होरिकोशी चियो यांनी १८९७ साली टोकियोच्या कोजिमाची भागात काढलेली शाळा. जपानी आणि पाश्चात्त्य, दोन्ही पद्धतींचे शिवण तिथे एका छपराखाली शिकवले जाई. किमोनो अरुंद पन्ह्याच्या ताग्यातून सरळ रेषेत बेततात. पूर्वी तो धुण्यासाठी उसवत आणि पुन्हा हाताने शिवत. पाश्चात्त्य कपड्याला अंगाचे माप लागते, मुंढ्याचा गोल काढावा लागतो, आणि मग मशीन लागते. पायमशीन चालवणे चार दिवसांत जमते. मुंढा चुणी न पडता बसवायला वर्ष जाते. यंत्राबरोबर शिकवायचे असते ते हे वर्षाचे काम.

महाराष्ट्रात हाच काळ धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाचा. ‘जपान महिला विद्यापीठा’ची माहितीपुस्तिका हाती पडल्यावर कर्व्यांनी १९१६ साली इथे महिला विद्यापीठ काढले. त्याआधी १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले होते. इतका वारसा असूनही आज शिवणाचे शिक्षण म्हणजे शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम होऊन बसला आहे. मान्यवर येतात, फोटो निघतो, बातमी छापून येते. कटिंग शिकवणाऱ्या बाईंच्या मानधनाची फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे, हे मात्र कोणी विचारायचे नसते. अशा एका कार्यक्रमात वाटलेल्या मशिनी वर्षभराने पाहण्याचा योग प्रस्तुत वक्त्याला आला. एकीवर टीव्ही ठेवलेला होता आणि दुसरीवर देव्हारा.

कोनोदाईतले दुसरे विद्यापीठ चिबा वाणिज्य विद्यापीठ. एंदो र्‍युकिची यांनी १९२८ साली टोकियोच्या सुगामो भागात ते उच्च व्यापारी शाळा म्हणून सुरू केले. युद्धातल्या हवाई हल्ल्यात इमारत जळाली आणि संस्था नदीपलीकडे इचिकावात आली. त्या काळी व्यापारी शिक्षणाचे यंत्र म्हणजे सोरोबान: लाकडी चौकट, प्रत्येक दांडीवर आडपट्टीच्या वर एक मणी आणि खाली चार. नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोच्या एका नाट्यगृहात सोरोबान आणि विजेवर चालणारे अमेरिकी गणकयंत्र यांचा जाहीर सामना झाला. जपानी टपाल खात्यातले कियोशी मात्सुझाकी मण्यांवर, तर अमेरिकी सैन्यातले थॉमस वुड यंत्रावर. सोरोबानने सामना ४-१ असा जिंकला. यंत्राची सरशी फक्त गुणाकारात झाली.

त्या विजयाने सोरोबान वाचले असे मात्र नाही. १९७२ साली कॅसिओचा छोटा, स्वस्त कॅल्क्युलेटर आला आणि दुकानांतली गणिते बदलली. तरी १९७९ साली शार्प कंपनीने एकाच साच्यात कॅल्क्युलेटर आणि सोरोबान जोडलेले ‘सोरोकाल’ विकायला काढले. यंत्राचे उत्तर मण्यांवर पडताळल्याशिवाय चैन न पडणारे गिऱ्हाईक तेव्हा होतेच. कॅल्क्युलेटर बंद केला की मागे काही उरत नाही. मुरलेल्या विद्यार्थ्यासमोरून सोरोबान उचलले तरी त्याची बोटे हवेत मणी हलवत राहतात आणि हिशेब चालू राहतो. जपानच्या प्राथमिक शाळांत तिसरी-चौथीच्या गणितात सोरोबान आजही आहे, आणि चेंबर ऑफ कॉमर्सच्या हिशेबनीसाच्या परीक्षेला सोरोबान किंवा कॅल्क्युलेटर, हवे ते नेता येते. आपल्याकडे तेच मणी ‘अबॅकस क्लास’ म्हणून आले. मेंदूच्या विकासासाठी त्यांची फी भरली जाते, स्पर्धेत चषक मिळतो, आणि चषकवाल्या मुलाला वाण्याचे बिल तपासायला कोणी सांगत नाही.

अशा तपासणीवाचून काय होते याचा एक नमुना वाणिज्य शाखेच्या संगणक प्रयोगशाळेत दिसला. एका विद्यार्थ्याने महिन्याच्या नोंदी हिशेबाच्या पॅकेजमध्ये भरल्या आणि सुबक ताळेबंद छापून आणला. त्यात रोख शिल्लक होती उणे चार हजार दोनशे. बँकेत उचल घेता येते; गल्ल्यात शून्याखाली नोटा नसतात. जमेची एक पावती दोन महिने पुढच्या तारखेला पडली होती, बस्स. पॅकेजने लाल अक्षरांत सूचनाही दिली होती, पण एंटर दाबून ती घालवलेली. विद्यार्थ्याचा बचाव साधा होता: “सर, सिस्टिमनेच काढलंय.” याच विद्यार्थ्याला त्या पॅकेजच्या परीक्षेत पहिला वर्ग होता, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट. परीक्षेत कळ कुठे दाबायची एवढेच विचारले होते.

या भाषणातला एकमेव आग्रह इथे नोंदवायचा. उत्तर यंत्राकडून घेण्याआधी त्याचा अंदाज कागदावर लिहून ठेवायचा. किती आकडी येईल, जमेकडे की नावेकडे, गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी, एवढे पुरे. अंदाज चुकला तर चुकू द्यावा. ज्याने अंदाज बांधलाच नाही, त्याला यंत्राची चूक कधी दिसणार नाही, आणि पगार मिळतो तो प्रामुख्याने ती चूक दिसण्याचा.

जुन्या टंकलेखन संस्थांना ही शिस्त ठाऊक होती. बाहेरून तिथे ए-एस-डी-एफची खडखड ऐकू येई. पण मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांत वेगाच्या उताऱ्याखेरीज एक ‘स्टेटमेंट’ असे. रकाने किती, सर्वांत लांब नोंद किती अक्षरांची, डावीकडे किती जागा सोडायची, हे सगळे पेन्सिलीने मोजून मगच कागद रुळावर चढवायचा. चुकले तर पूर्ण पान पुन्हा. नंतर संगणक आले आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांची रांग लागली. आत मशिनींवर प्लॅस्टिकची आवरणे, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने लाखो हातांना माऊसची सवय लावली. ते श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वेतनवाढ अडकेल या धाकाने प्रमाणपत्र मिळवणारे कर्मचारीही त्याच वर्गांत बसले, आणि ऑफिसात परतल्यावर एक्सेलच्या तक्त्याखालची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून टंकू लागले. शिक्षकांच्या वाट्याला तंत्रज्ञान आले ते बव्हंशी ऑनलाइन माहिती भरण्याच्या रूपात. ‘सरल’वर मुलांची माहिती चढवता चढवता तास बुडाला, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नवी नाही.

जपानी शिक्षकांचा हेवा करण्याचे कारण नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथल्या माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा, सहभागी देशांत सर्वांत लांब निघाला. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली: वर्गात डिजिटल साधने वापरण्यात, रोबो बनवणारा हा देश विकसित देशांच्या यादीत तळाशी होता. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने प्रत्येक मुलामागे एक उपकरण देणारी ‘गिगा स्कूल’ योजना जाहीर केली आणि करोनामुळे काही वर्षांचे काम काही महिन्यांत उरकले. २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळेत ‘माहिती-१’ हा प्रोग्रॅमिंगसह विषय सक्तीचा झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेतही आला. विषय परीक्षेत आला की त्याच्या शिकवण्याही आल्याच.

पुन्हा इचिकावाकडे वळू. त्याच्या दक्षिण भागात ग्योतोकु आहे. तिथून तोझाई मार्गाच्या गाडीने नदी ओलांडली की थोड्याच वेळात निशि-कासाई येते. सन २००० च्या संगणकीय पेचाच्या सुमारास आलेल्या अभियंत्यांमुळे तिथली भारतीय वस्ती वाढली आणि तिच्यात मराठी घरेही बरीच. त्यांच्यातलेच योगेंद्र पुराणिक. माहिती-तंत्रज्ञानात काम करून ते २०१९ साली टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ साली इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा येथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. उद्योगातला माणूस, तोही परदेशात जन्मलेला, सरकारी शाळेच्या प्रमुखपदी बसवण्याचे धाडस एका जपानी प्रांताने केले. आपल्याकडे सेवाज्येष्ठतेची यादी ओलांडून असे काही करायचे म्हटले तर पहिला अर्ज न्यायालयात जाईल.

जुलै २०२३ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी तात्पुरती मार्गदर्शक सूचना काढली. तिचा सूर सावध होता. यंत्राने लिहिलेले उत्तर स्वतःचे म्हणून देणे चुकीचे, हे मुलांना आधी समजावे, असे तिने सांगितले. उणे रोकडीच्या ताळेबंदाला जे लागू होते तेच इथेही लागू आहे. फरक इतकाच की हे यंत्र लाल अक्षरांत सूचना देत नाही.

चिबा वाणिज्य विद्यापीठाने अंदाज आणि पडताळा यांचा मोठा धडा स्वतःच्या वीजबिलावर घेतला. चिबा प्रांतातल्याच नोदा शहरातल्या आपल्या जागेवर संस्थेने सौरऊर्जा केंद्र उभारले होते. तिथे वर्षभरात तयार होणारी वीज आणि विद्यापीठ वापरते ती वीज, हे दोन आकडे जुळवण्याचे लक्ष्य २०१७ साली जाहीर झाले. दिवे बदलले, पॅनेल वाढवले. विद्यार्थ्यांच्या गटाने वर्गावर्गांत फिरून उगाच जळणारे दिवे शोधले. २०१९ साली तयार झालेली वीज वापराच्या बरोबरीला आली. गॅस त्या हिशेबात धरलेला नव्हता. तो पुढच्या टप्प्यावर ठेवण्यात आला.