घरात जीव रमत नाही अशा मुलांसाठी



वर्धापनदिनी आम्ही जरा अवघड विषय घेतला आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाचा हंगाम संपला की किती तरी घरांतली कर्ती माणसे कामासाठी बाहेरगावी जातात. पोरे आजीजवळ राहतात. कुठे बाप दारूत बुडालेला, कुठे माय-बापाचे रोजचे भांडण. असे पोर शाळेत गप्प बसते, नाही तर कोणाच्याही अंगावर धावून जाते. आपण म्हणतो, ‘पोट्टा बिघडला!’ रात्री त्याला झोप मिळाली का, हे कोण विचारतो?

बाबासाहेबांचे बालपण आठवा. १८९६ साली माता भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी लेकरू सांभाळले. वडिलांचे दुसरे लग्न बालमनाला रुचले नाही. पुढे मुंबईत, परळच्या चाळीत, एका खोलीत सारे कुटुंब. म्हणून ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे केळुसकर गुरुजींनी या मुलाला पाहिले, बोलते केले, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. घरची खोली मोठी झाली नाही. पण घरात आत्या आणि बाहेर गुरुजी, अशी दोन माणसे मिळाली.

तेच काम आपल्याला करायचे आहे. संध्याकाळी विहाराचे दार उघडे ठेवा, दिवा आणि सतरंजी द्या. पोर आले की चारचौघांत विचारू नका. एकटे असताना ऐका. लगेच उपदेश नको. ‘बाप पितो यात तुझा दोष नाही,’ हे स्पष्ट सांगा. भांडण सोडवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. मारहाण किंवा अत्याचार कळला, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. मन फारच खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.

आणि मुलांनो, तुम्हालाही सांगतो. घरची गोष्ट बाहेर सांगणे म्हणजे माय-बापाची बदनामी नव्हे. विश्वासाचे एक मोठे माणूस शोधा. श्वासावर लक्ष ठेवून बसल्याने मन थोडे निवते; पण मार सहन करायला ध्यान शिकायचे नसते. अंगावर हात उठला तर आधी शेजारी जा, मग बाकीचे.

बंधूंनो, आज घरी जाताना आपल्या वस्तीतले एक तरी पोर डोळ्यांसमोर आणा. उद्या त्याच्याशी बोला.

नमो बुद्धाय! जयभीम!