सायकलीचा टायर : घरीं बदलावा कीं दुकानांत?

आजचा विषय ऐकून कित्येकांच्या मनांत येईल, कीं या निवृत्त मास्तराला बोलावयास याहून मोठा विषय मिळाला नाहीं काय? सायकलीचा टायर झिजला तर तो आपल्या हातानें बदलावा, कीं दुकानदाराला मजुरी देऊन बदलवून घ्यावा, हा कांहीं कोणत्या शास्त्रांतला वाद नव्हे. परंतु संसारांतले पुष्कळसे प्रश्न याच मासल्याचे असतात, आणि त्यांचीं उत्तरें वेळेवर दिलीं नाहींत तर त्यांची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते. माझ्या बाबतींत ती किंमत चाळीस लहान मुलांनीं मोजली. म्हणून ती हकीकत आधीं सांगतों.

मी १९७५ सालीं मॅट्रिक झालों आणि पुढें अध्यापनाचें शिक्षण पुरें करून १९७८ सालीं त्र्यंबक रस्त्याच्या आडबाजूस असलेल्या एका खेड्यांत शिक्षक म्हणून लागलों. बिऱ्हाड नाशकांत, भद्रकालींतील एका जुन्या वाड्यांत. शाळा तेथून चौदा किलोमीटर. वडिलांनीं वापरलेली काळी, अठ्ठावीस इंची, दांडीच्या ब्रेकची सायकल हेंच माझें वाहन. शाळा एकशिक्षकी होती, म्हणजे मुख्याध्यापक मीच, शिक्षक मीच आणि शाळेच्या कुलपाची किल्लीहि माझ्याच खिशांत.

१९८१ च्या उन्हाळ्यांत मागचा टायर पार गुळगुळीत झाला. पुढें त्याच्या कडेचे दोरे दिसूं लागले. मला तें दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु दुकानांत सायकल ठेवावी तर दुसऱ्या दिवशीं शाळेस जावें कसें? रविवारीं न्यावी तर दुकान बंद. त्यांतून महिनाअखेर. ‘पगार झाला कीं बदलूं’ असें म्हणतां म्हणतां जुलै उजाडला. एके दिवशीं सकाळीं मुसळधार पावसांत, शाळा सहा किलोमीटर उरली असतां, टायर कडेला फाटला. त्या फटींतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि मोठा आवाज होऊन फुटली. आजूबाजूस दुकान नाहीं, घर नाहीं. सायकल हातांत धरून मी चालूं लागलों.

शाळेजवळ पोंचलों तेव्हां दीड तास उलटून गेला होता. सारीं मुलें पत्र्याच्या वळचणीखालीं भिंतीला चिकटून उभीं होतीं. दप्तरें त्यांनीं पोटाशीं धरलीं होतीं. पहिलीच्या वर्गांतील एक मुलगी त्यानंतर चार दिवस तापानें आजारी होती. मी तिच्या घरीं गेलों, तेव्हां तिचे वडील म्हणाले, “गुरुजी, पावसाळ्यांत असं चालायचंच.” त्यांनीं मला दोन शब्द बोल लावला असता, तर मला इतकें लागलें नसतें.

त्या आठवड्यांत मी आमच्या गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या सायकलवाल्या चाचांकडे गेलों आणि म्हणालों, “चाचा, मला टायर बदलायला शिकवा.” चाचा हंसले. “गुरुजी, तुम्हांला शिकवलं तर मी खाऊं काय?” प्रश्न थट्टेचा होता, पण थट्टेपुरताच नव्हता. मी गप्प राहिलों. मग तेच म्हणाले, “शिकवतों. पण चाकाला वांक आला, आरे सैल झाले, तर दुसरीकडे जायचं नाहीं.” मीं तें कबूल केलें आणि ते हयात होते तोंवर पाळलें.

येथें थोडा इतिहास सांगितला पाहिजे. टायर घरीं बदलतां येतो हें आज आपण गृहीत धरतों. परंतु आरंभीं तसें नव्हतें. हवा भरलेल्या टायरचें पेटंट रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालींच घेतलें होतें. पण त्या काळीं आजच्यासारखी सायकलच नव्हती, आणि तें विस्मरणांत गेलें. पुढें बेलफास्ट येथें जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर बनविला आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. सायकलीला गति आली आणि बसणाराचे हाल कमी झाले. पण हा टायर चाकाला सरसानें चिकटविलेला असे. १८८९ सालीं फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ गांवीं असा एक फुटका टायर मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यांत दुरुस्तीस आला. तो सोडवून दुरुस्त करण्यास तीन तास लागले आणि चिकटविलेला भाग वाळावयास सारी रात्र. त्या अनुभवावरून मिशेलिन यांनीं १८९१ सालीं चाकावरून काढतां-घालतां येणारा टायर तयार केला. त्याच वर्षीं पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा सुमारें १,२०० किलोमीटरांच्या शर्यतींत शार्ल तेराँ हा हेच टायर घालून पहिला आला. तात्पर्य, सायकलस्वारानें वाटेंत स्वतःच्या हातानें काम उरकावें, याचसाठीं हा टायर निघाला.

आतां कृतीकडे वळूं. सामान फार लागत नाहीं. नट ढिले करण्यास योग्य मापाचा पान्हा, टायर उचकटण्याचे दोन लिव्हर, आणि पंप. लिव्हरऐवजीं स्क्रू-ड्रायव्हर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या धारेनें नवी ट्यूब हटकून कापते.

सायकल उलटी करून हँडल आणि सीट यांवर उभी करावी. पुढचें चाक दोन नट सैल केले कीं निघतें. मागच्या चाकाला मात्र चेन, कॅरिअरचे व मडगार्डचे पाय, चेनकव्हर अशीं पुष्कळ लोढणीं असतात. म्हणून निघालेली प्रत्येक वस्तु ज्या क्रमानें निघाली, त्याच क्रमानें एका ताटलींत ओळीनें मांडावी. परत बसवितांना तोच क्रम उलट वाचावयाचा.

पुढें सारी हवा सोडावी. आतां चाचांनीं शिकविलेलें मुख्य मर्म सांगतों. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते. ती ताणून लांबत नाहीं. नवशिका तिच्याशीं झटापट करतो, बोटें सोलून घेतो आणि शेवटीं दुकान गांठतो. परंतु रिमचा मध्य हा कडांपेक्षां खोल असतो. म्हणजे तेथें परीघ कमी. टायरची कड सर्व बाजूंनीं त्या खळग्यांत ढकलली, कीं समोरच्या बाजूस सैलपणा आपोआप मिळतो. तेथें लिव्हर घालून कड सहज बाहेर येते. मी जोर लावीत असतां चाचा म्हणाले होते, “गुरुजी, ताकद नको. तिला जागा द्या.” वर्तुळाचा परीघ मी वर्षानुवर्षें फळ्यावर शिकवीत होतों, तो हाताला कळला त्या दिवशीं.

टायर निघाला कीं रिमपट्टी पहावी. ती सरकली असली तर आऱ्यांचीं टोकें ट्यूबला आंतून टोंचतात. जुनी ट्यूब पुन्हा वापरावयाची असेल तर ती पाण्यांत बुडवून बुडबुडे पहावे. नव्या टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेनें ठेवावा. टायरची एक कड आंत घालावी, ट्यूबमध्यें ती गोल होईल इतकीच हवा भरून ती आंत बसवावी, आणि दुसरी कड वॉल्व्हच्या समोरून सुरू करून वॉल्व्हपाशीं संपवावी. वॉल्व्हपाशीं ट्यूबच्या जाडीमुळें कड खळग्यांत नीट उतरत नाहीं. ती जागा शेवटीं आली, म्हणजे बाकीची सारी कड खळग्यांत राहून सैलपणा देते. शेवटचा तुकडा अंगठ्यांनीं चढवावा. मग वॉल्व्ह एकदां आंत दाबून सोडावा, म्हणजे खालीं चिमटलेली ट्यूब मोकळी होते. थोडी हवा भरून चाक फिरवावें. टायरच्या अंगावरील बारीक रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, तर पुरती हवा भरावी. किती, तें टायरच्या बाजूसच छापलेलें असतें. चाक बसविल्यावर तें मधोमध आहे ना, चेनला किंचित् ढील आहे ना, नट घट्ट आहेत ना आणि ब्रेक लागतात ना, हें पाहिल्यावांचून वर बसूं नये.

मापाविषयीं एक इशारा. मुलानें कांहीं वर्षांपूर्वीं बारीक चाकांची नवी सायकल घेतली. तिचा टायर गेला, तेव्हां मी ऐटींत एका दुकानांतून ‘अठ्ठावीस’चा टायर आणला. घरीं येऊन पाहतों, तर तो रिमवर ढगळ अंगरख्यासारखा लोंबूं लागला. चूक दुकानदाराची नव्हती. अठ्ठावीस मागितला, अठ्ठावीस मिळाला. पण जुन्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस-दीड हा टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमचा, आणि नव्या सायकलींतील सातशें मापाचा टायर ६२२ चा. दोघांनाहि लोक अठ्ठावीसच म्हणतात. यासाठीं जुन्या टायरच्या अंगावरील जोड-आंकडा पहावा. ४०-६३५ असें लिहिलें असेल तर पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. दुसरा आंकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यांत थोडी सवलत चालते.

आतां हिशेब. मी गणित शिकविणारा माणूस, म्हणून खरें तेंच सांगतों : पैशापुरतें पाहिलें तर घरीं टायर बदलण्यांत मोठी बचत नाहीं. टायर दोन्हीकडे विकतच घ्यावा लागतो. वांचते ती मजुरी. आणि ती दोघांच्या चहा-फराळाहून फार अधिक नसते. उलट माझ्या पहिल्या प्रयोगास अडीच तास लागले, आणि लिव्हरखालीं चिमटून एक ट्यूब वायां गेली. चाचांच्या हातून तेंच काम वीस मिनिटांत झालें असतें. ज्याला वेळ नाहीं, ज्याच्या बोटांत बळ उरलें नाहीं, त्यानें खुशाल दुकानांत जावें. त्यांत कमीपणा कसला? आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. त्यांच्यासारख्या पट्टीच्या सायकलस्वारांमागूनहि मदतनीसांची गाडी होतीच. ज्या वेळीं पुढें जाणें हेंच काम असतें, त्या वेळीं दुसऱ्याचा हात घेणें शहाणपणाचें.

मग घरीं शिकावयाचें कशासाठीं? माझें उत्तर असें, कीं ज्याला टायर बदलतां येतो, तो टायर बदलण्याची वेळ टाळीत नाहीं. १९८१ सालीं माझ्या अंगीं दोष होता तो गरिबीचा नव्हता, दिरंगाईचा होता. दुकान बंद आहे, सायकल अडकून पडेल, अशा सबबी ज्याला हात चालवितां येत नाहीं त्यालाच सुचतात. पुढें छत्तीस वर्षें, निवृत्त होईपर्यंत, मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दोन्ही टायरांवरून हात फिरवीत आलों. कडेला दोरे दिसले, अंगावर फुगोटी आली, भेगा पडल्या किंवा वरचेवर पंक्चर होऊं लागलें, तर तो टायर त्याच दिवशीं उतरवावयाचा. रुतलेला सराट्याचा कांटा त्याच वेळीं चिमट्यानें काढला, तर पुढचें पंक्चर वांचतें. त्यानंतर माझ्या सायकलीमुळें शाळेचें कुलूप उशिरां उघडलें असें एकदांहि झालें नाहीं.

आणि चाचांच्या त्या प्रश्नाचें काय? सर्वांनींच घरीं काम केलें, तर दुकानदारानें खावें काय? या प्रश्नाचें पुरतें उत्तर मजजवळ नाहीं. परंतु चाक सरळ करणें, आरे ताणणें, आंसांतील छर्रे बदलणें हीं कामें वर्षानुवर्षांच्या सरावाचीं आहेत. तीं दुकानांतच द्यावीं आणि सांगितलेली मजुरी घासाघीस न करतां द्यावी. ज्यानें एकदां स्वतः टायर चढविला, त्याला त्या मजुरीची किंमत बरोबर समजते. चाचांचें दुकान घरीं काम करणारांनीं बुडविलें नाहीं. लोकांनीं सायकलीच सोडल्या, म्हणून तें ओस पडलें. आज त्या जागीं मोबाईलचें दुकान आहे, आणि आमच्या गल्लीपासून जवळचा सायकल-मिस्त्री दोन किलोमीटरांवर आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या नातीच्या सायकलीचा पुढचा टायर मीं तिलाच बदलावयास लावला. ती आठवीत आहे. शेवटचा तुकडा चढेना, तेव्हां रडकुंडीस येऊन म्हणाली, “आजोबा, तुम्हीच करा ना!” मी म्हणालों, “ताकद नको. जागा दे.” तिनें समोरची कड पुन्हा खळग्यांत ढकलली आणि अंगठ्यानें टायर चढविला. परवां सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं ती आपण होऊन खालीं बसली आणि दोन्ही टायरांवरून हात फिरवून मग निघाली. तिच्या जवळ कोणत्याहि शाळेची किल्ली नाहीं. पण पुढेंमागें ती कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाची किल्ली जवळ बाळगीलच.

श्रोतेहो, आपल्या घरीं सायकल असेल तर आज संध्याकाळीं तिच्या मागच्या टायरवरून एकदां हात फिरवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.