गळाच्या काठीचा तोल साधला की मनगट दुखत नाही

आज बोलायचं आहे ते उजनीच्या काठावर गळ टाकणाऱ्या बायांशी. पण डोक्यावर हंडा नि काखेत घागर घेऊन चालणाऱ्या प्रत्येकीला यातलं मर्म कळेल.

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांत पसरलेल्या या पाण्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. चिलापी, रोहू, कटला, वाम, जे मिळेल ते. जाळं, होडी बहुतेक पुरुषांच्या हाती. बाईच्या वाट्याला काठावरचा गळ. त्यातही आता बांबूच्या काठीऐवजी रीळवाला रॉड आलाय.

मी घरातला जुना रॉड घेतला आणि महिनाभरात मनगट धरलं. रात्री भाकरी थापता येईना. सगळे म्हणाले, "बाईमाणसाचं काम नाही ते." मलाही ते पटलं आणि रॉड माळ्यावर गेला. पुढं शेजारच्या एका मामांनी तो बोटावर तोलून पाहिला. म्हणाले, "वहिनी, तुमचा हात चांगला आहे. या रॉडचं तोंड जड आहे."

म्हणजे काय? हंडा अंगाशी धरला तर जड वाटत नाही. तोच हात लांब करून धरा, लगेच खांदा भरून येतो. रॉडचंही तसंच. मुठीपुढं सहा फुटांवर एक ग्रॅम ओझं असेल, तर ते तोलायला मुठीमागं एका फुटावर सहा ग्रॅम लागतं. ते मागं नसेल तर तेवढा जोर मनगट लावतं, दिवसभर.

आता तोल कसा बघायचा ते ऐका. रिळावर तंगूस पूर्ण भरा, कड्यांमधून ओवून घ्या. शिसं काढून ठेवा, कारण फेकल्यावर ते पाण्यातच बसतं. मग रिळाच्या पायापाशी, जिथं तुमची मूठ बसते तिथं, खाली एक बोट धरा. रॉड तराजूच्या दांडीसारखा आडवा राहिला की झालं. टोक खाली गेलं तर तोंड जड.

उपाय सोपा आहे. रीळ फारच लहान असेल तर थोडं मोठं लावून बघा. पण रीळ मुठीजवळच असतं, म्हणून त्यानं फरक थोडाच पडतो. खरा फरक मुठीच्या शेवटच्या टोकाला पडतो. पाच रुपयांचं सोनेरी नाणं साधारण सहा-सात ग्रॅमचं. तशी दोन-तीन नाणी तिथं ठेवून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. परत तोला. लागलं तर एखादं वाढवा. टोक जरासं खाली राहिलं तरी चालेल. ओझं भरमसाट वाढवू नका, कारण शेवटी सगळं वजन हातालाच उचलायचं आहे.

बांबूची काठी असेल तर अगदी बुडाशी धरू नका. मुठीमागं वीतभर सोडा, ते टोक कोपराखाली टेकतं.

फेकताना दोन्ही हात लावा. वरचा हात पुढं ढकलतो, खालचा पोटाकडं ओढतो. खांद्यानं हिसका देऊ नका. रॉडवर किती ग्रॅमचं शिसं चालतं ते लिहिलेलं असतं. त्याहून जड बांधलं की तोल कितीही साधा, हात दुखणारच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काठावर शेतीपंपांच्या तारा असतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते. फेकण्याआधी वर बघा, तारेखाली उभ्या राहू नका. पावसाळ्यात अंड्यावरची मासळी आणि बारकी पिल्लं पाण्यात सोडून द्या. आणि त्या पाण्यावर मासेमारीचा हक्क कोणाचा, परवाना लागतो का, हे आधी विचारून घ्या.

माझा रॉड तीन नाण्यांनी माळ्यावरून खाली आला. मनगट दोन आठवडे विसाव्याला ठेवलं, मग हळूहळू सुरुवात केली. तुमचा हात सुजला असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर नाण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि खुरपं असो, कुऱ्हाड असो की गळ, हात दुखला की आधी अवजार तोलून बघा. "मला जमत नाही" हे त्यानंतर म्हणा.