जुनी तबकडी की नवी आवृत्ती?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात पळस आणि कुसुम ही झाडे कोणाला ओळखून द्यावी लागत नाहीत. त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा किडा बसतो आणि आपल्या अंगाभोवती लाखेचे कवच करतो. पळसावरची लाख ती रंगीनी आणि कुसुमावरची ती कुसुमी. बांगडीतली लाख, पाकिटावर मोहोर करायची लाख आपण पाहिलेली आहे. पण हीच लाख गाण्याच्याही कामी आली. ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी, लाख आणि दगडाची बारीक पूड यांच्या मिश्रणातून दाबून काढीत. त्यासाठी लागणारी लाख जगभर मुख्यतः हिंदुस्थानातून जाई.

आज आपण या तबकड्यांविषयी एका प्रश्नाचा विचार करू. त्याच गाण्याची पुढे नवी आवृत्ती निघाली, तर ऐकायला चांगली कोणती? जुनी की नवी?

आधी थोडा इतिहास पाहू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी गायक एका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गाई आणि आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर खोबण कोरी. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि बारीक आवाजही टिपता येऊ लागला. तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे बसे. पुढे १९४८ साली अमेरिकेत विनाइल नावाच्या प्लास्टिकची लाँग प्ले तबकडी निघाली. तिचे फेरे मिनिटाला ३३⅓. लाखेच्या तबकड्यांवरची जुनी गाणी मग तिच्यावर पुन्हा उतरवली गेली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, बालगंधर्व १९६७ साली. त्यांना समोर बसून ज्यांनी कधी ऐकले नाही, अशा किती तरी लोकांना त्यांचा आवाज या नव्या आवृत्त्यांतूनच भेटला.

आता लोकांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, जुने ते सोने. दुसरा म्हणतो, जुनी खरखरते, नवी स्वच्छ आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. खरखर कोठून येते? लाखेत मिसळलेली दगडाची पूड सुईखाली घासते, तिची ती खरखर. विनाइलमध्ये अशी पूड नसते, म्हणून ते शांत वाजते. येथपर्यंत नव्याची बाजू खरी.

पण नवी आवृत्ती कशावरून काढली, हे पाहिले पाहिजे. तबकडी काढायला धातूचा साचा लागतो. मूळ साचा जपलेला असेल आणि त्यावरून नवी आवृत्ती निघाली असेल, तर ती उत्तम होऊ शकते. मात्र साचा प्रत्येक गाण्याचा उरलेला नसतो. मग कोणाच्या तरी घरची तबकडी वाजवून तिच्यावरून नक्कल करतात. ती तबकडी लग्नकार्यात शंभर वेळा वाजलेली असेल, तर तिची झीजही नकलेत उतरते.

ही खरखर मग यंत्राने गाळतात. येथे खरी गोम आहे. आपण सुपाने धान पाखडतो. सूप बेताने हलवले तर कोंडाच जातो, जोरात मारले तर दाणेही उडतात. खरखर बहुतेक उंच आवाजात असते, आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे, तंबोऱ्याची जवारी, सारंगीची धार ही सारी त्याच उंचीवर वावरतात. खरखर फार गाळली की ही मंडळीही तिच्याबरोबर जातात. गाणे स्वच्छ होते खरे, पण कांबळे पांघरून कोणी गात आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित मुलांना जरूर घाला. ७८ फेऱ्यांची तबकडी ८३ फेऱ्यांनी फिरवली, तर तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे बारा सेकंद आधी संपेल. आणि स्वर? पेटीवर पांढरी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ काळी एकमध्ये गातो आहे असे ऐकू येईल. नक्कल करणाऱ्याने वेग चुकवला, तर सर्वांच्या कानांत गायकाची पट्टीच बदलून जाते.

मग पारख कशी करावी? शाळेत करता येईल असा एक प्रयोग सांगतो. एकच गाणे दोन्ही आवृत्त्यांतून वाजवा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जे मोठे वाजते ते कानाला उगाच चांगले वाटते. मुलांना पाठ करून बसवा आणि कोणती आवृत्ती चालू आहे ते सांगू नका. मग त्यांच्याकडून गाण्याचे शब्द श्रुतलेखनासारखे लिहून घ्या. मात्र अर्ध्या मुलांना आधी जुनी ऐकवा, अर्ध्यांना आधी नवी. नाहीतर दुसऱ्या वेळी शब्द ओळखीचे होतात. शब्द कोणत्या आवृत्तीत जास्त बरोबर उतरले ते मोजा. शेवटी एवढेच विचारा: गायक श्वास घेण्यासाठी थांबतो, तेव्हा मागचा तंबोरा चालू राहतो की एकदम सामसूम होते? सामसूम झाली, तर पाखडताना दाणे उडाले असे समजावे.

सांगायचे तात्पर्य हे की, नवी आवृत्ती ऐका, आनंदाने ऐका. पण ती घरात आली म्हणून जुनी तबकडी भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. आज वाईट गाळलेले गाणे उद्या कोणी चांगले गाळील, पण त्यासाठी मूळ तबकडी शिल्लक हवी. दाणा उडाला तर तो नकलेतून परत मिळत नाही.

आपल्या झाडीपट्टीत नाटकाचा आणि गाण्याचा शौक जुना आहे. घरात माळ्यावर, पेटाऱ्यात अशा तबकड्या सापडल्या तर इतके करा. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि उन्हापासून दूर ठेवा. लोखंडी पिनेने पुन्हा पुन्हा वाजवू नका. एल.पी.ची सुईही लावू नका. ती बारीक असल्याने खोबणीच्या तळाला जाते. पुसायला स्पिरिट तर मुळीच वापरू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि लाखेबरोबर गाणेही जाते. मधल्या कागदावरचे नाव आणि क्रमांक वहीत टिपून ठेवा. गुरुजींनी मनावर घेतले, तर गावातल्या तबकड्यांची अशी यादी मुले एका सुटीत करतील.