बुटाचं टोक

रेडिओवरून गोल्फविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच. हिरवळ दिसत नाही, चेंडू दिसत नाही. मी काठी कशी फिरवतो तेही तुम्हाला दिसत नाही, हे मात्र बरंच आहे. तेव्हा काठी राहू द्या. बादली घ्या.

अंगणात उभं राहून अर्धी बादली पाणी डावीकडे लांब फेकायचंय. बादली आधी उजवीकडे मागे जाते, भार उजव्या पायावर येतो. आता नीट लक्ष द्या. बादली अजून मागेच चाललेली असते, तेवढ्यात डावा पाय जमिनीत रुततो आणि कंबर वळायला लागते. हात येतात सगळ्यांत शेवटी. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या गोल्फच्या फटक्यात हेच घडायला हवं, आणि तेवढंच शिकण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं पैसे मोजतात.

‘वजन पुढे टाका’ हा सल्ला सगळेच देतात. तो शब्दशः घेतला की घोटाळा होतो. मी घेतला होता. घाटातल्या एसटीत उभ्या राहिलेल्या माणसासारखा मी आधी अख्खा उजवीकडे कलायचो, मग अख्खा डावीकडे. डोकं असं इकडेतिकडे गेलं की काठीच्या फेऱ्याचा तळही सरकतो. मग ती चेंडूच्या आधीच माती उकरते, नाहीतर त्याच्या टाळूला चाटून जाते.

खरी गंमत वजनात नाही, दाबात आहे. घरच्या वजनकाट्यावर उभे राहा, गुडघे वाकवा आणि झटकन उठा. काटा क्षणभर तुमच्या वजनाच्या पुढे पळेल. तुम्ही जाड झाला नाहीत, तुम्ही जमीन ढकललीत. तळपायाखालचा जोर मोजणाऱ्या पाट्यांवर कसलेल्या खेळाडूंना उभं करून पाहिलं, तेव्हा बादलीचीच गोष्ट पुन्हा दिसली. काठी मागे टोकाला पोचायच्या आधीच दाब डाव्या पायाकडे निघालेला असतो. लांब मारणारे तर चेंडूला काठी लागण्याआधी एकट्या डाव्या पायाने स्वतःच्या वजनाहून जास्त जोर जमिनीला देतात. आणि एवढं सगळं होताना डोकं फारसं जागा सोडत नाही!

काठी वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. चेंडू फार तर ४५.९३ ग्रॅमचा, नियमच तसा आहे. तो काठीला टेकून असतो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. त्या अवधीत विचार करून काही सावरता येत नाही. क्रम आधीच लागलेला हवा. कंबर, छाती, हात, काठी. प्रत्येकाने वेग घ्यायचा, जरा मंदावायचं आणि तो वेग पुढच्याच्या हवाली करायचा. पोतराजाचा आसूड आठवा. मूठ आवरली जाते तेव्हा टोक कडाडतं. नवशिक्याचे हात मात्र कमरेच्या आधी धावत सुटतात. क्रिकेटमध्ये चेंडूच अंगावर येऊन घाई करतो. इथे तो निपचित पडलेला असतो, घाई आपली आपणच करतो.

इथे बेन होगनची आठवण काढायलाच हवी. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्ससमध्ये, धुक्यात, समोरून आलेली बस या अमेरिकन खेळाडूच्या मोटारीवर आदळली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर आडवा झाला. त्याच्या कमरेचं हाड मोडलं, डावा घोटा मोडला, पुढे रक्ताच्या गुठळ्यांमुळे मोठी शस्त्रक्रिया झाली. जून १९५० मध्ये पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियनच्या मैदानावर उतरला. शेवटच्या दिवशी ३६ होल खेळला, बरोबरी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी १८ खेळला आणि अमेरिकन ओपन जिंकला. १९५७ मध्ये त्याचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक आलं. त्यात तो बजावतो की, खाली येणारा फटका हातांनी सुरू करायचाच नाही, कंबर डावीकडे वळवून करायचा. हातांवर भागवून घ्यायचा सगळ्यांत मोठा हक्क ज्याला होता, त्यानेच कमरेची बाजू घेतली.

मी खेळतो तिथे एक वयस्क कॅडी आहेत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. फटका मारून मी चेंडू कुठे गेला ते डोळे ताणून पाहतो. मामा चेंडूकडे बघतही नाहीत. ते माझ्या उजव्या पायाकडे पाहतात. भार खरोखर डावीकडे गेला असेल तर शेवटी उजवी टाच उचललेली हवी, बुटाचं फक्त टोक गवतावर टेकलेलं हवं. नेमाने खेळणाऱ्याच्या त्या टोकावर हिरवा डाग पडतो, धुतला तरी जात नाही.

परवा त्यांनी माझा बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. “नवीन घेतला का साहेब?” म्हणाले.

बूट तीन वर्षांचा आहे.