पाळणा न हलणाऱ्या घरांचा हिशेब

(देवनार येथे महिला मंडळाच्या सभेत एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



देशाच्या लोकसंख्येची नाडी तपासणारी संस्था आपल्या देवनारमध्येच आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा तिच्याकडे असते. १९९२-९३च्या पहिल्या सर्वेक्षणात भारतीय स्त्रीला सरासरी ३.४ अपत्ये होत. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हा आकडा २ वर आला, महाराष्ट्रात तर १.७ वर. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश. भिंतीभिंतींवरचा लाल त्रिकोण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्यांना आणखी मूल नको, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया विनामूल्य होती, वर बक्षीसही होते. ज्यांना मूल हवे होते आणि होत नव्हते, त्यांच्यासाठी मात्र त्या साऱ्या खटाटोपात फारसे काही नव्हते. गर्दीच्या देशात रिकाम्या पाळण्याची दखल कोण घेणार?

वास्तविक ही संख्या लहान नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे, ही वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. म्हणजे आपल्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत असे एक तरी घर असणार. बारशाचे आमंत्रण आले की त्या घरातील सून काहीतरी निमित्त काढून माहेरी जाते. आपण तिला माणूसघाणी म्हणून मोकळे होतो. ओटी भरताना तिला वगळणारे हात आपल्याच घरातील असतात, हेही आज बोलले पाहिजे.

या उपचारांचे स्वरूप बाहेरच्यांना ठाऊक नसते. दहा-बारा दिवस रोजची इंजेक्शने, मग भूल देऊन स्त्रीबीज काढणे, प्रयोगशाळेत फलन, गर्भ गर्भाशयात सोडणे आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांची प्रतीक्षा. त्या काळात ती जिना चढताना दहादा विचार करते, तो ऑफिसात दर तासाला फोन पाहतो. आणि एके दिवशी पाळी येते. घरात कोणी गेले तर शेजारीपाजारी जमतात, चुलीवर दुसऱ्या घरचे पिठले-भात येतो. इथे तसे काही नाही. ज्याचे बारसे झाले नाही, त्याचे सुतकही नाही. दुसऱ्या दिवशी डबा करायचा आणि ७.५२ची लोकल पकडायची.

पैशाचेही तसेच. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार कृत्रिम गर्भधारणेच्या एका आवर्तनाला खासगी रुग्णालयात सरासरी सुमारे २ लाख ३० हजार आणि सरकारी रुग्णालयातही सुमारे १ लाख १० हजार रुपये रुग्णाच्या खिशातून जातात. आणि पहिल्याच आवर्तनात यश मिळेल याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. आधी ठेवी मोडतात, मग भविष्यनिर्वाह निधी, मग आईने घातलेल्या पाटल्या. आरोग्यविम्यातील ज्या अपवादांना विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित रूप दिले, त्यांत वंध्यत्वाचे स्वतंत्र कलमच आहे. त्यामुळे विशेष तरतूद नसेल तर विमा कंपनी हात वर करते. हप्ते भरणाऱ्याला हे कळते ते बहुधा बिल हातात पडल्यावर.

आता आपल्या विभागाविषयी. मुंबईच्या मानव विकास अहवालात २००९ साली एम-पूर्व हा विभाग शहरात तळाला होता. १९२७ पासूनची कचराभूमी, दाटीवाटीच्या खोल्या, कोंदट हवा. इथल्या क्षयरोगावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले, मीही लिहिले. पण क्षय म्हटला की आपल्याला खोकला आणि छातीचा फोटो एवढेच दिसते. क्षयाचे जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंतही पोहोचतात. खोकला नाही, अनेकदा तापही नाही. फार तर पाळी कमी होते, ओटीपोटात दुखते, आणि कित्येकींना तेवढेही जाणवत नाही. नळ्या आतून खराब होत जातात. भारतातील स्त्रियांच्या वंध्यत्वाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. वेळेवर निदान झाले तर साधारण सहा महिन्यांची औषधे पुरतात आणि ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. उशीर झाला तर औषध जंतू मारते, पण बंद झालेली नळी उघडत नाही. मग उरतो तो लाखांचा मार्ग. आणि गर्भाशयाचे अस्तरच नष्ट झाले असेल तर तोही खुंटतो. जो आजार वस्तीत फुकट बरा होऊ शकला असता, त्याची किंमत पाच-सात वर्षांनी पाटल्या विकून मोजावी लागते. घरात कोणाला क्षय होऊन गेला असेल आणि सुनेला दिवस राहत नसतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. लग्न मोडेल या भीतीने मुलीचा जुना क्षय लपवणारी माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट पुरुषांची. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत आढळते. वीर्यतपासणी ही या साऱ्यातील सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी, पण बहुतेक घरांत ती सर्वांत शेवटी होते. तोवर बायकोच्या सोनोग्राफ्या, दुर्बिणीच्या तपासण्या आणि सोमवारचे उपवास होऊन गेलेले असतात. रामायणात पुत्रकामेष्टीला स्वतः दशरथ बसला होता. कौसल्येला वांझ ठरवून राजा मोकळा झाला, असे काही कोणी सांगत नाही. आपले पुरुष मात्र तपासणीचे नाव काढले की उठून जातात.

कायदा आता आहे. २०२१चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. केंद्राची नोंदणी सक्तीची झाली, उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरले. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. यशाची टक्केवारी सांगितली तर ती कोणत्या वयाच्या स्त्रियांची, आणि गर्भ राहिल्याची की मूल घरी गेल्याची, हेही विचारा.

विज्ञानाच्या या वाटेवर आपल्याच माणसांनी काय सोसले, तेही ठाऊक असावे. १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली, जगातील पहिल्या अशा बालकानंतर अवघ्या ७० दिवसांनी. त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला, चौकशी बसली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने हर्षा चावडा जन्मली ती परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात. याच आनंदकुमारांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. पालिकेच्या रुग्णालयात जन्मलेले हे शास्त्र नंतर बहुतांशी वातानुकूलित खासगी दवाखान्यांत वाढले.

अलीकडे थोडे पालटते आहे. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हे उपचार विनामूल्य सुरू झाले. उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून त्याचा खर्च चालतो. २०२४ मध्ये मुंबईच्या कामा रुग्णालयातही शासकीय केंद्र सुरू झाले. गोवंडीहून हार्बरने थेट शेवटच्या स्थानकावर उतरले की कामा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. केसपेपर काढायला दोघांनी मिळून जावे. आणि आधी त्याची तपासणी करून घ्यावी.