आकड्याआधी वेळ बघा

(२०२५ च्या गणेशोत्सवात आपल्या मंडपात झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मधुमेहावर बोलायला गावात चांगले डॉक्टर असताना कार्यकारिणीने मला उभे केले, त्याचे कारण मी नसून माझी मुलगी आहे. मी नागपूरला डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बिलासपूरला आलो, त्याला आता वीस वर्षे झाली. सिग्नल खात्यात रिले, केबल आणि बॅटऱ्या यांच्यात दिवस जातात. भाषणाची सवय नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. आज जे सांगणार आहे त्यात एक मोठी चूक माझीच आहे, हेही आधीच कबूल करतो.

२०२१ च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमची धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. पंधरा दिवस ती सारखी पाणी मागत होती, रात्री तीनतीनदा लघवीला उठत होती, फ्रॉक सैल व्हायला लागले होते. आम्ही म्हटले, वाढीचे वय आहे. एके दिवशी पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या आणि श्वास जोरजोरात चालू लागला. दवाखान्यात नेले तेव्हा साखर ४८० च्या वर होती. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. टाइप १ मधुमेह हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले. घरात कोणी असे पाणी-पाणी करणारे, वजन उतरणारे मूल असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी साखर तपासून घ्या.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. म्हणून इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, रोज, जन्मभर. आम्हाला काढे सुचवले गेले, कारल्याचा रस सुचवला गेला. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे, एवढे कृपया लक्षात ठेवा.

पहिली दोन वर्षे बोटाला सुई टोचून दिवसातून सहा-सात वेळा तपासणी चालली. लेकराची बोटे चाळणीसारखी झाली. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने सेन्सर लावला. ही मोठ्या बटणाएवढी चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिच्या पोटात केसासारखा बारीक, साधारण अर्धा सेंटिमीटर तंतू असतो, तो कातडीखाली राहतो. आम्ही वापरतो तो चौदा दिवस टिकतो. आधीच्या सेन्सरला मोबाइल टेकवला की आकडा दिसत असे. आताचा सेन्सर दर काही मिनिटांनी ब्लूटूथवरून आपणहून आकडा पाठवतो. तिच्या फोनवरून इंटरनेटमार्गे तोच आकडा माझ्या आणि सौ.च्या फोनवर येतो. साखर फार खाली किंवा वर गेली की फोन ओरडतो.

आमच्या खात्यातल्या लोकांना सांगायचे तर हा शरीराचा डेटा लॉगर आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी काढतो ती सरासरी असते. रात्री साखर ५५ आणि दुपारी २५० असली तरी सरासरी देखणी येऊ शकते. लॉगर मात्र रात्री दोनला काय झाले तेही सांगतो. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी आणि मुलांसाठी हल्ली डॉक्टर जे उद्दिष्ट सांगतात ते असे : दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे साधारण सतरा तास, साखर ७० ते १८० च्या मध्ये असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ असावी. वयस्कर आणि गरोदर मंडळींसाठी आकडे वेगळे असतात, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

या यंत्राने आम्हाला खूप शिकवले. पोहे-जिलबीच्या नाश्त्याने साखर किती लवकर चढते आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालले तर ती किती आटोक्यात राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मी रात्रपाळीला असलो तरी घरचा आकडा मला दिसू लागला. आमच्या घरात दोन वर्षांनी पहिल्यांदा सगळे सलग सहा तास झोपले. मी निर्धास्त झालो, आणि चूक तिथेच झाली.

गेल्या वर्षी, २०२४ च्या गणेशोत्सवात, याच मंडपात मुलांच्या लेझमीची तालीम होती. मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात म्हणून सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत जमा करून पलीकडच्या खोलीत ठेवले होते. नियम चांगलाच होता. माझ्या मुलीनेही फोन दिला. आपला फोन वेगळा आहे हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटली असावी. दुपारी जेवणाआधी इन्सुलिन घेतलेले आणि त्यावर तासभर लेझीम. अंगमेहनतीने साखर उतरते, आणि टोचलेले इन्सुलिन परत काढून घेता येत नाही.

मी मागे विद्युत रोषणाईची जोडणी पाहत होतो. मध्ये एकदा खिशातून फोन काढून बघितला. ११२. उत्तम आकडा. फोन खिशात ठेवला आणि पुन्हा वायरी हातात घेतल्या.

इकडे पोरीचे हात थरथरायला लागले. तिला कळले की साखर उतरते आहे. ती प्रसादाच्या टेबलापाशी गेली आणि पेढा मागितला. तिथे असलेल्या काकूंनी अगदी मायेने सांगितले, "बाळा, तुला गोड चालत नाही ना? थांब, तुला चिवडा देते." त्या काकू कोण हे मी सांगणार नाही. त्यांच्या जागी आपल्यापैकी कोणीही असते तरी हेच म्हणाले असते. चार वर्षांपूर्वी मीही म्हणालो असतो. मुलगी चिवड्याची वाटी घेऊन खांबाला टेकून बसली. साखर उतरली की माणसाला वाद घालायचीही ताकद राहत नाही.

तिची मैत्रीण धावत माझ्याकडे आली. मी गेलो तेव्हा मुलगी घामाने भिजली होती, विचारलेल्याला भलतेच उत्तर देत होती. सौ.च्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी नेहमी असते. ती पाण्यात कालवून पाजली. बोटाला टोचून पाहिले, ४८. पंधरा मिनिटांनी ६३, पुन्हा थोडे पाजले, मग ९०. तेव्हा ती रडायला लागली आणि आमच्या जिवात जीव आला.

रात्री घरी आल्यावर मी फोन उघडून नीट पाहिले. तो ११२ चा आकडा मी पाहिला तेव्हाच पन्नास मिनिटे जुना होता. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली होती. ती मी वाचलीच नाही. सेन्सर आणि फोन यांच्यातले ब्लूटूथ मोकळ्यावर वीस-पंचवीस फूट चालते; भिंत आणि पत्र्याची पेटी मध्ये आली की संपले. तिच्या फोनला सेन्सर सापडत नव्हता. पेटीतल्या पेटीत तो तसे सांगतही होता, पण ऐकायला कोण होते? आणि माझा फोन गप्प होता. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ 'सगळे ठीक' असा घेतला.

बंधू-भगिनींनो, मी सिग्नलचा माणूस आहे. ही चूक मी तरी करायला नको होती. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने ट्रॅक सर्किटची जी पद्धत आणली, ती आजही आपल्या रुळांवर चालते. रुळांच्या तुकड्यात एका टोकाकडून थोडी वीज सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले असतो. वीज पोहोचली तर रिले उचललेला राहतो आणि रूळ मोकळा समजतात. गाडी आली की तिच्या चाकांतून वीज वळते, रिले पडतो, सिग्नल लाल. त्यातली खुबी अशी की बॅटरी उतरली, तार तुटली, रूळ तडकला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. यंत्र बिघडले तर गाडी थांबेल, पण धोक्यात जाणार नाही. हिरवा दिवा दिसायला सगळे काही ठीक चालू असावे लागते.

मोबाइलच्या घंटेचे याच्या अगदी उलट आहे. धोक्याची घंटा वाजायलाच सगळे काही ठीक चालू असावे लागते. सेन्सर, ब्लूटूथ, फोनची बॅटरी, ॲप, आवाज, आणि मी दूर असलो तर दोन्हीकडचे नेटवर्क, यातले एक जरी तुटले तरी घंटा वाजत नाही. भनवारटंकच्या घाटात कामावर असतो तेव्हा माझ्या फोनला नेटवर्क सापडत नाही. तिथे माझा फोन कितीही शांत असला तरी त्याला काडीचा अर्थ नाही.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवाचे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२५ मध्ये याचविषयी लोकांना सावध केले. फोनच्या सेटिंगमुळे मधुमेहाच्या उपकरणांच्या सूचना ऐकू न आल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे गेल्या होत्या. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहणे, न वापरलेले ॲप फोनने आपणहून झोपवणे, नवे इअरफोन जोडल्यावर आवाज तिकडे वळणे, फोनची प्रणाली अपडेट झाल्यावर परवानग्या बदलणे, अशी कारणे त्यात आहेत.

म्हणून आम्ही घरात काही नियम केले आहेत. आकड्याआधी वेळ बघायची; वेळ जुनी असेल तर तो आकडा नाहीच असे समजायचे. सेन्सरच्या ॲपला बॅटरी वाचवण्याच्या यादीतून वगळले आहे. अपडेट रात्री आपोआप होऊ देत नाही. सुटीच्या दिवशी करतो आणि त्यानंतर सगळ्या परवानग्या पुन्हा तपासतो. संपर्क तुटल्याची सूचनाही मोठ्या आवाजात लावली आहे. मी नेटवर्कबाहेर जाणार असलो तर तसे सौ.ला आधी सांगून जातो, म्हणजे पहारा कोणाकडे आहे हे ठरलेले असते. ड्यूटी सोपवल्याशिवाय आपण जागा सोडत नाही, तसेच हे.

आणि बोटाची सुई अजून मोडीत काढलेली नाही. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे तो थोडा मागे असतो. साखर भराभर उतरत असताना पाच ते पंधरा मिनिटांचा फरक पडू शकतो. सुरुवातीला एका रात्री दोन वाजता फोन ओरडला, आकडा ५४. धावत गेलो, बोट टोचले, १०८. मुलगी सेन्सरच्याच कुशीवर झोपली होती. दंड दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली येतो. लक्षणे एक सांगत असतील आणि यंत्र दुसरे, तर बोट टोचून बघावे. टोचायला वेळ नसेल तर लक्षणे खरी मानावीत.

येथील अनेकांना टाइप २ मधुमेह आहे. मला विचारतात, आम्हीही लावू का? हे डॉक्टरांनी सांगायचे. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्या प्रत्येकाला कायम लावायची गरज नसते. काहींना एखाद्या वेळी चौदा दिवस लावून आपल्या जेवणाचा अभ्यास करता येतो. हा खर्च थोडका नाही. आम्हाला एक सेन्सर साधारण साडेचार-पाच हजारांना पडतो आणि वर्षाला सव्वीस लागतात. आम्हीही मध्ये काही दिवस सुईवर काढतो, त्यात कमीपणा नाही. मात्र सुई न टोचता साखर दाखवते म्हणून विकली जाणारी घड्याळे आणि अंगठ्या घेऊ नका. असे एकही उपकरण मान्य केलेले नाही, असे एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच स्पष्ट सांगितले आहे.

आता मंडळाला तीन विनंत्या करून थांबतो.

पहिली, मुलांचे फोन जमा करताना आधी विचारावे की कोणाचा फोन औषधासारखा आहे का. तो त्या मुलाजवळच राहू द्यावा.

दुसरी, प्रसादाच्या टेबलावर साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या ठेवावा. मधुमेही माणूस थरथरत, घामाघूम होऊन गोड मागत असेल तर त्याला उपदेश करू नये. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढ्यापेक्षा साखरपाणी बरे, कारण खव्यातल्या स्निग्धतेने साखर चढायला वेळ लागतो. पण जवळ पेढाच असेल तर पेढा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तिसरी विनंती माझ्या मुलीची आहे, तिने निघताना सांगितली. ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांना सांगा, मोदक मी खाते. त्याचे इन्सुलिन किती घ्यायचे ते मला येते. मला कोणी विचारू नका, फक्त द्या."

यंदाही ती लेझमीच्या पहिल्या रांगेत आहे. फोन कमरेच्या पट्ट्यात बांधलेला असेल. मध्येच तो ओरडला तर नाच बिघडला असे समजू नका.



गणपती बाप्पा मोरया!